काचेसमोर बसायचं नाही

मामाच्या पँटच्या खिशातून कांदा निघाला तसा विमानतळाच्या कामगार गेटवरचा जवान हसायला लागला. नवीन होता. त्यानं कांदा वर धरून आपल्या साहेबाला दाखवला, मशीनमधून परत एकदा फिरवला. मामा हात वर करून शांत उभा. मागं आमची सगळी रांग खोळंबली आणि माझं डोकं तापायला लागलं. मी म्हटलं, बॉम्ब नाही तो, कांदा आहे, उन्हाळ्यात आमच्याकडं सगळेच ठेवतात. मामानं मागं न पाहता हातानंच मला गप्प केलं. मग त्या जवानाला समजावून सांगत बसला, की कांदा अंगाशी असला की ऊन लागत नाही, त्याची आई ठेवायची, आजी ठेवायची. जवान म्हणाला, आमच्या गावीपण ठेवतात. कांदा परत खिशात गेला.

"तू काहून मधात बोलतं वं?" आत आल्यावर मामा म्हणाला.

"तो हसून राहिला होता."

"हसू दे ना. त्यालेबी दिवसभर उभंच राहाचं हाय."

असा होता माझा मोरेश्वर मामा. शिवणगावचा, विमानतळाच्या भिंतीला लागून घर, आणि अगदी जुनी छोटी बिल्डिंग होती तेव्हापासून विमानात सामान चढवायच्या कामावर. आता टोळीचा मुकादम होता. मला पण त्यानंच लावलं होतं. अकरावीत गणिताचे सर सगळ्यांसमोर काहीतरी बोलले म्हणून मी पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटून निघाले ती परत गेलेच नाही. वर्षभर घरात आईशी भांडले, गल्लीत भांडले. मग अठरा पूर्ण झाले तसं मामानं आणून व्हीलचेअर ढकलायला उभं केलं. म्हणाला, हिला एका जागी बसवत नाही, हिला चाकाचंच काम द्या.

मे महिना होता. नागपूरचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुपारी विमानाच्या पोटाखालचं सिमेंट असं तापायचं की बुटाचा तळवा मऊ व्हायचा. लोडर लोकांनी भिंतीशी दोन खांबांना एक हिरवी जाळी बांधली होती. दोन विमानांच्या मधात तिच्याखाली बसायचे, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधायचे, डबा खायचे. मग नवा मॅनेजर आला. एक दिवस वरच्या बोर्डिंग हॉलमध्ये कॉफी पीत काचेशी उभा राहिला, खाली पाहिलं आणि म्हणाला, हे काय भाजीबाजारासारखं दिसतंय. संध्याकाळी जाळी गेली. दुपट्टा युनिफॉर्ममध्ये बसत नाही म्हणून दुपट्टा गेला, कंपनीची टोपी तेवढी राहिली. आणि एक नियम आला, की काचेतून दिसेल अशा जागी कोणी बसायचं नाही. पॅसेंजरला चांगलं वाटत नाही.

पाण्याची कॅन तेवढी राहिली, भिंतीशी, बरोबर त्या काचेच्या खाली.

त्या दिवशी मी बर्डीच्या बाजारातून पांढरे दुपट्टे आणले होते, पिशवी भरून. माझं आणि शालिकचं ठरलं होतं. शालिक म्हणजे मामाच्या टोळीतला सगळ्यात तरुण लोडर, त्याला आदल्याच आठवड्यात चक्कर येऊन उलट्या झाल्या होत्या. बेत साधा होता. दुपारच्या बंगलोरच्या विमानाच्या वेळी खाली लोडर, वर काउंटरवरच्या मुली, आम्ही व्हीलचेअरवाल्या, सगळ्यांनी एकदम दुपट्टा बांधायचा. एसीत उभ्या असलेल्या पोरींनी डोक्याला उन्हाचा दुपट्टा बांधला की पॅसेंजर विचारणारच, काय झालं म्हणून. विचारलं की सांगायचं. काम बंद नाही, घोषणा नाही. सगळे तयार होते. फक्त मामाला सांगायचं होतं.

लॉकरच्या खोलीत त्यानं पिशवी उघडून पाहिली. दुपट्ट्याचं कापड बोटांत चोळून पाहिलं.

"कापड चांगलं हाय," तो म्हणाला. "पण पॅसेंजरसमोर नाही."

"मग कोणासमोर? मॅनेजरला सांगून झालं. पोफळी मॅडमनी सांगून पाहिलं. त्याला फक्त पॅसेंजरचंच भेव आहे."

"पोट्टे, त्या विमानात कोण बसून राहिलं तुले माहीत हाय का? कोणी मयतीले चालला असन. कोणी लेकराले दवाखान्यात घेऊन चालला असन. त्यायच्या डोक्यावर आपलं गाठोडं काहून द्यावं?"

"त्यांचं गाठोडं तर तूच उचलतो रोज."

शालिक हसला. मामा पण हसला, पण त्यानं पिशवी सोडली नाही.

"आपण मेल्यावर दाखवायचं का मग त्यांना?" मी म्हटलं.

"मी नाही मरत. माह्या खिशात कांदा हाय."

त्यानं सगळ्यांना सांगितलं, बंगलोरचं विमान गेलं की आपण सगळे मिळून मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊ, दुपट्टे बांधूनच जाऊ, मी पुढं राहतो. पण विमान जाऊ द्या. मामानं म्हटलं म्हणजे झालं. पिशवी त्यानं आपल्या लॉकरमध्ये ठेवली, कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मी लॉकरला लाथ मारली आणि वर निघून आले.

वर पोफळी मॅडम काउंटरवर उभ्या होत्या. शिफ्टच्या इन्चार्ज. त्यांच्या कानावर गेलंच होतं. त्या वाईट नव्हत्या. जाळी काढली तेव्हा मॅनेजरशी भांडणाऱ्या त्या एकट्याच. पण काउंटरवर उभं राहिलं की त्यांचं तोंड असं गोड व्हायचं की त्यांची आई आयसीयूत होती तेव्हासुद्धा आम्हाला कोणाला कळलं नव्हतं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "प्रांजली, काउंटरच्या अलीकडे काय ते रडा, माझ्याजवळ रडा. पलीकडे नाही. आपण तेवढ्यासाठीच उभे आहोत इथे." मी म्हटलं, मी रडत नाहीये, मी चिडली आहे. त्या म्हणाल्या, ते पण नाही.

बंगलोरच्या विमानाला माझ्या खुर्चीत वर्ध्याच्या कोरडे आजी होत्या. मुलीकडे चालल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरलेला, सांडग्यांचा. मी खुर्ची काचेशी लावली, कारण त्यांना विमान पाहायचं होतं. खाली मामाची टोळी ट्रॉल्यांमधून बॅगा काढून पट्ट्यावर टाकत होती. रिकाम्या झालेल्या ट्रॉल्या पलीकडे रांगेत उभ्या, त्यांचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडलेले. काचेला हात लावला तर आतून पण चटका बसत होता.

आजी बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "या लोकांच्या डोक्याला दुपट्टा का नाही गं? नुसती टोपी?"

तेवढंच पाहिजे होतं मला. मी सगळं सांगितलं. जाळी सांगितली, दुपट्टा सांगितला, शालिकच्या उलट्या सांगितल्या. माझा आवाज चढत गेला असेल, कारण बाजूच्या खुर्चीतला एक माणूस मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागला. एक बाई पण वळल्या.

"आणि हे आम्हाला कोणी सांगत का नाही?" आजी म्हणाल्या. "आम्ही काय नाही म्हणणार आहोत का?"

मी तोंड उघडलं तर मागून पोफळी मॅडमचा हात खांद्यावर आला. त्या आजींकडे पाहून हसल्या, म्हणाल्या, आजी, बोर्डिंगला थोडा वेळ आहे, पाणी हवंय का. माझा खांदा त्यांनी असा दाबला की दुखला. बाजूच्या माणसानं परत मोबाइल उचलला.

मी काचेकडे पाहत उभी राहिले. तेव्हा मामा थांबला. हातात कोणाची तरी लाल बॅग होती, ती त्यानं हळूच खाली ठेवली, टाकली नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं मान वर करून आमच्या काचेकडं पाहिलं. खालून काचेत कोणी दिसत नाही, नुसता उजेड दिसतो, हे मला माहीत होतं, तरी मी हात हलवला. त्यानं टोपी नीट केली आणि चालायला लागला. अगदी सरळ चालत होता. रिकाम्या ट्रॉल्यांच्या रांगेकडे गेला आणि तिच्या मागं गेला.

"तो बॅग ठेवून कुठे चालला?" आजींनी विचारलं.

"पाणी प्यायला असेल," मी म्हटलं.

मग बोर्डिंग सुरू झालं. व्हीलचेअर आधी जाते. मी आजींना विमानाच्या दारापर्यंत नेलं, आत बसवलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडून दोन सांडगे माझ्या हातावर ठेवले, कच्चे. म्हणाल्या, तळून खा, आणि त्या लोकांना म्हणावं, कांदा ठेवा जवळ. मी म्हटलं, ठेवतात आजी.

मग दुसऱ्या विमानातून उतरलेली एक खुर्ची बाहेर टॅक्सीपर्यंत सोडून परत आले तेव्हा बंगलोरचं विमान निघून गेलं होतं. हॉलमध्ये पुढच्या विमानाचे लोक भरले होते आणि सगळे काचेशी गोळा झाले होते. मोबाइल वर धरलेले. खाली ॲम्ब्युलन्स उभी होती. रिकाम्या ट्रॉल्या ओढायला ट्रॅक्टरवाला आला होता, रांग पुढं सरकली तेव्हा त्याला मागं कोणीतरी दिसलं होतं. कोण ते गर्दीतून कळत नव्हतं. वॉकीटॉकीवर मॅनेजरचा आवाज आला, पडदे खाली सोडा, आणि साफसफाईवाली दोघं पळत गेली. काचेवरचे पांढरे पट्ट्यांचे पडदे एकेक करून खाली आले. लोक आपापल्या खुर्च्यांकडे परतले. मी एक पट्टी बोटानं वर केली. शालिक पाठमोरा वाकलेला होता, त्याच्या पायांमधून फक्त दोन बूट दिसत होते. आणि बुटांपासून थोडं दूर, पांढऱ्या सिमेंटवर, एक कांदा पडलेला होता.

दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, अंग भट्टीसारखं तापलेलं आहे, शुद्ध येईल असं वाटत नाही. जरा आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पडल्याबरोबर कोणी पाहिलं नाही का, त्यानं विचारलं. दिवेलागणीला मामा गेला. त्याचे कपडे एका पिशवीत घालून माझ्या आईच्या हातात दिले. आईनं पिशवी छातीशी धरली आणि सोडलीच नाही, झोपली तरी सोडली नाही. भाऊ एकच होता तिला.

घरी माणसं येत होती, जात होती. मॅनेजरनं हार पाठवला होता. मी अंगणात चुलाण्याजवळ बसून एकच गोष्ट डोक्यात फिरवत होते. पाण्याची कॅन तर भिंतीशी होती. आमच्या काचेच्या खाली. मामा उलटा गेला होता. पाण्याकडं पाठ करून, भर उन्हात, जिथं सावलीपण नाही तिकडं. चक्कर आलेला माणूस पाण्यापासून लांब काहून जाईल?

शालिक माझ्या बाजूला येऊन बसला होता. त्याच्याकडं न पाहता मी त्याला तेच विचारलं.

त्यानं चुलाण्यातलं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "तुले माहीत नाही का? तो आमाले रोज सांगे. चक्कर आली तं ट्रॉल्यायच्या मांगं जा. काचेसमोर बसू नोका, पॅसेंजर भेवते. मॅनेजरनं पाह्यलं तं गेटपास जाईन." त्यानं नाक पुसलं. "मी गेल्तो ना मागच्या आठवड्यात. मांगंच जाऊन ओकलो. पण मी त्याले सांगून गेल्तो. त्यानं पाणी आणून देल्लं."

"आणि तो?"

"त्यानं नाही सांगितलं कोणाले."

तेरवीच्या आधीच मी कामावर गेले. आईनं कपड्यांच्या पिशवीतून किल्ली काढून दिली, कसली आहे विचारलं नाही. लॉकर उघडला. दुपट्ट्यांची पिशवी तशीच होती. फक्त वरचा एक दुपट्टा बाहेर काढून, घडी करून, त्याच्या डब्यावर ठेवलेला होता. केबिनमध्ये जायला स्वतःचा आधीच काढून ठेवला होता त्यानं.

तो मी बांधला. मग शालिकनं बांधला, मग सगळ्यांनी. काउंटरवरच्या चारही पोरींनी बांधले. बंगलोरच्या विमानाची वेळ झाली, दारं उघडली, पॅसेंजर आत यायला लागले आणि मी दाराकडं पाहत उभी राहिले. आता विचारतील.

पहिल्या कुटुंबातली बाई आम्हाला पाहून खूश झाली. "अय्या, किती गोड! समर थीम आहे का?" तिनं आपल्या पोराला माझ्या बाजूला उभं केलं आणि फोटो काढला. मागच्या एका तरुण पोरानं विचारलं, हे मिळतं कुठं. एक जण म्हणाला, नागपुरी स्टाइल, एक नंबर. सगळे हसत होते. आमच्या पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. आम्ही ठरवलं होतं ते असं होतं की ते विचारतील, काय झालं.

माझं डोकं फिरलं. मी खुर्चीवर चढले, व्हीलचेअरवर, बूट घालून. काय काय बोलले ते आता शब्दाला शब्द आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हटलं, ही थीम नाही. माझा मामा तुमच्या बॅगा चढवताना मेला, आणि तुम्हाला दिसू नये म्हणून तो लपून मेला. एवढं बोलल्यावर माझा आवाज बसला. फोटोवाल्या बाईनं पोराला जवळ ओढलं. कोणीतरी चक् चक् केलं. मग रांगेतून एक माणूस, अगदी सभ्य माणूस, हळूच म्हणाला, "सॉरी हं. पण मग फ्लाइट वेळेवर आहे ना?"

मी त्याच्या अंगावर गेले असते. पण पोफळी मॅडम काउंटरवरून निघून माझ्याकडे येत होत्या. मला वाटलं, आता खांदा दाबतील. त्यांनी मला हात धरून खाली उतरवलं, खुर्चीची सीट आपल्या रुमालानं पुसली आणि परत काउंटरवर जाऊन उभ्या राहिल्या. त्या सभ्य माणसाचाच नंबर होता. त्यांनी त्याला बोर्डिंग पास दिला आणि त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "आमचे मुकादम गेले, सर. मोरेश्वर नाव होतं. ऊन लागून गेले. म्हणून बांधलेत. फ्लाइट वेळेवर आहे, तुमची खिडकीची सीट आहे."

"आयल मिळेल का?" तो म्हणाला.

त्यांनी त्याला वाटेच्या कडेची सीट दिली. पुढच्याला पण तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याला पण. शेवटच्या पॅसेंजरपर्यंत, एकही शब्द न बदलता. एक म्हातारे गृहस्थ पास हातात घेऊन तिथंच उभे राहिले, रांग अडली तरी हलेनात. बाकीचे हो का, अरेरे म्हणून पुढं गेले.

त्या पावसाळ्यात मॅडमची बदली कुठंतरी आसामकडे झाली. माझा गेटपास परत निघालाच नाही.

मागच्या उन्हाळ्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिला पुण्याला न्यायचं होतं. मी आता तिथंच एका दवाखान्यात कामाला आहे. तिला गाडीचे हादरे सहन होईनात म्हणून विमानाचं तिकीट काढलं. त्या दारातून मी पहिल्यांदाच पॅसेंजर म्हणून आत गेले. काउंटरवरच्या मुलींनी डोक्याला पांढरे दुपट्टे बांधले होते. नारंगी काठाचे, कंपनीचं नाव छापलेले. मागं बोर्ड होता, संत्रानगरीत स्वागत. लोक फोटो काढत होते. मुली छान हसत होत्या.

आईच्या खुर्चीला एक लहानखुरी चुणचुणीत मुलगी मिळाली. तिनं खुर्ची काचेशी लावली, म्हणाली, इथून विमान मस्त दिसतं काकू. खाली लोडर बॅगा चढवत होते. डोक्याला टोप्याच होत्या. एक जण, विशीतला असेल, ट्रॉलीच्या चाकाशी टेकून जमिनीवर बसला होता. टोपी काढून तोंडावर वारा घेत होता. मी काचेच्या अगदी जवळ गेले, कपाळ टेकवलं. उन्हं कलली होती, आतला माणूस बाहेरून दिसत असावा, कारण त्यानं मान वर केली आणि त्याला मी दिसले. तो घाईघाईनं उठला. टोपी घातली. आणि ट्रॉल्यांच्या मागं जायला निघाला.

"तो कुठी चालला वं?" आईनं विचारलं.

"पाणी प्यायला जात असेल काकू," ती मुलगी म्हणाली.

मी आईच्या खुर्चीचा ब्रेक काढला आणि खुर्ची फिरवली, काचेकडं पाठ करून. आणि मी पण पाठ करून उभी राहिले.

"काहून फिरवली?" आई म्हणाली. "मले पाहाचं होतं."

"नोको पाहू, आई. बसू दे त्याले."